ऊन पाठीवर घ्या, दौलतभाऊ

मागच्या महिन्यात माझा पुतण्या पांढुर्ण्याहून आला आणि चहा यायच्या आतच त्याने विचारलं, "काका, कॅमेरा कोणता घेऊ?" मला इतका आनंद झाला की मी उठून चष्मा शोधू लागलो. चष्म्याची तिथे काही गरज नव्हती. दुकान बंद करून बारा वर्षं झाली, आणि या बारा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. निवृत्त डॉक्टरला शेजारीपाजारी निदान जीभ तरी काढून दाखवतात. निवृत्त कॅमेरेवाल्याला कोणी काही दाखवत नाही.

मी त्याला उलट विचारलं, "कॅमेरा हातात कोण धरणार?" तो म्हणाला, कशाचे फोटो काढायचे ते नाही का विचारायचं? मी म्हटलं, नाही. कशाचे ते गिऱ्हाईक आपण होऊन सांगतं, आणि निम्म्या वेळा ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. खिशात किती आहे तेही दोन मिनिटांत कळतं. हातात कोण धरणार, हे मात्र विचारावं लागतं. हे शहाणपण मला उपजत नव्हतं. ते मला दौलतभाऊंनी शिकवलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या मायने.

माझं दुकान सौंसरच्या बसस्टँडसमोर होतं. अर्ध्या भागात कॅमेऱ्यांचं कपाट आणि अर्ध्या भागात स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक रंगवलेला पडदा, त्यावर राजवाडा, तळं आणि तळ्यात एक हंस. पेंटरने हंसाची मान हौसेने लांबवली होती, त्यामुळे नवरा-नवरी पडद्यापुढे उभे राहिले की ती मान नेमकी नवऱ्याच्या कानातून निघाल्यासारखी दिसायची. तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजही तो हंस कानात घेऊन आजोबा बसलेले आहेत. पडद्यासमोर तिकाटण्यावर माझा काचेच्या प्लेटांचा मोठा कॅमेरा, आणि त्यावर काळं कापड. त्या कापडात डोकं घालून मी भिंगातून उलटं जग पाहायचो. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी नागपूरच्या एका स्टुडिओत काचा धूत होतो. दोन-तीन वर्षांनी गावी येऊन हे दुकान टाकलं.

फोटो काढून घेणारे पुष्कळ होते. कॅमेरा विकत घेणारे मात्र विरळा, आणि जे घेत त्यांचे एकेक नमुने. तहसील कचेरीतले एक बाबू होते. त्यांना कॅमेऱ्याहून त्याची चामड्याची पिशवी आवडली. कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनी नुसती पिशवी घेतली आणि दोन वर्षं ती रिकामी पिशवी खांद्याला लटकवून लग्नांना गेले. लोक त्यांना पुढच्या रांगेत बसवायचे. कोणी फोटोचं म्हटलं की ते आभाळाकडे पाहून म्हणत, "आज उजेड बरोबर नाही." पुढे त्यांनी कॅमेरा घेतला, तेव्हा त्यांची पंचाईत झाली, कारण आता उजेड बरोबर नसून चालेना.

बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या कपाटात तेव्हा मुख्य दोन जातींचे कॅमेरे असत. एक पेटीचा. नावाप्रमाणे काळी पेटी, पुढे लहानसं भिंग, बाजूला एक खटका. त्यात लावायचं-फिरवायचं काही नाही. ऊन पाठीवर घ्यायचं, समोरच्याला चार पावलांवर उभं करायचं, पेटी पोटाशी धरायची, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. एका रोलवर आठ फोटो. दुसरा घडीचा. त्याची कळ दाबली की झाकण पडायचं आणि भात्यासकट भिंग बाहेर यायचं, कासव मान काढतं तसं. त्यात अंतर फुटांत लावायचं, उजेड किती ते लावायचं, वेग लावायचा. तीनपैकी एक चुकलं की फोटो गेला. किंमत पेटीच्या चौपट. तो घडीचा कॅमेरा वर्षभर माझ्या कपाटात बसून होता आणि मी रोज त्याला फडक्याने पुसून उसासे टाकत होतो.

अशात राज्यं बदलली. कालपर्यंत नागपूर आमची राजधानी होती, आज ते मुंबई राज्यात गेलं. आम्ही जिथे होतो तिथेच राहून नव्या मध्य प्रदेशात राहिलो, आणि राजधानी गेली भोपाळला. भोपाळ कुठल्या बाजूला आहे यावर बसस्टँडवर दोन दिवस वाद चालला. माझा सगळा माल नागपूरहून बसने यायचा. आता मधे सरहद्द आली म्हणजे माल अडणार, कागद लागणार, अशा आवया उठल्या आणि सगळे दुकानदार हातातला माल विकून मोकळे व्हायला लागले. मीही ठरवलं की महाग वस्तू आधी काढून टाकायची. पुढे बस पूर्वीसारखीच धावत राहिली, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. माझ्या चुकीचं मूळ या भीतीत आहे, आणि थोडं माझ्या मिरवण्याच्या खोडीत.

त्याच हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी दौलतभाऊ दुकानात आले. चाळिशीचे, जामसावळीच्या अलीकडच्या एका खेड्यातले, थोडा कापूस आणि संत्र्याची छोटी बाग असलेले. कापूस विकून ते सरळ माझ्याकडे आले होते. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "भाऊ, नागपूरचा कॅमेरा आपल्या राज्यात चालते का जी?" मी गंभीरपणे म्हटलं, चालतो. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी सांगितलं की मायचा फोटो काढायचा आहे. माय म्हणजे सगुणामाय, सत्तरीला आलेली. तिला इथे घेऊन या, मी काढतो, असं मी म्हणालो. ते हसले. माय यायची नाही. तिने आजवर जेवढे फोटो पाहिले ते सगळे हार घातलेले, भिंतीवरचे, गेलेल्या माणसांचे. फोटो काढायचा म्हणजे माणूस जायच्या तयारीला लागला, अशी तिची समजूत. परक्या माणसापुढे ती बसणार नाही. म्हणून घरचाच कॅमेरा हवा, म्हणजे ती कामात असताना दौलतभाऊ हळूच खटका दाबतील. आयुष्यात कॅमेरा धरलेला नव्हता त्यांनी.

हे सगळं ऐकून कोणीही पेटी पुढे केली असती. मी घडीचा कॅमेरा काढला आणि कळ दाबली. भाता बाहेर आला तसे दौलतभाऊ एक पाऊल मागे सरले आणि मग प्रेमातच पडले.

पुढचा अर्धा तास त्यांनी तो बैलासारखा पारखला. भिंगात डोकावून पाहिलं, जसे दात पाहतात. बगलेत थोपटलं. कान लावून ऐकलं. मग मला म्हणाले, जरा घेऊन चालून दाखवा. मी कॅमेरा गळ्यात घालून दुकानात दहा पावलं गेलो आणि आलो. त्यांनी मान डोलावली. चाल पसंत पडली.

आता सौदा. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघेजण दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना पत्ता लागत नाही. माझ्या दुकानात बघ्या म्हणाल तर एक तो हंस. तरी दौलतभाऊ खांद्यावर दुपट्टा शोधू लागले. तो बसमध्ये राहिला होता. मग त्यांची नजर माझ्या काळ्या कापडावर गेली, आणि क्षणभरात आम्ही दोघे प्लेटच्या कॅमेऱ्याच्या कापडाखाली हात घालून, एकमेकांकडे न बघता, दाराबाहेरची हवा पाहत उभे होतो. त्यांनी माझी चार बोटं धरली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. घामाने माझा अंगठा निसटला. दौलतभाऊ एकदम हात काढून हसायला लागले.

"भाऊ, तुम्ही तं सोताच्याच तोट्याचा सौदा करून राहिले. अंगठा सोडला म्हंजे अर्ध्यावर आले."

त्यांनी मग तोंडाने वाजवी भाव सांगितला, तितका दिला आणि कॅमेरा छातीशी धरून गेले. मला फसवायची आयती संधी त्यांनी सोडली होती. आणि मी त्यांना नको ती वस्तू दिली होती. त्या दिवशी मात्र मला फक्त आनंद झाला होता, हे कबूल करतो.

पुढच्या बाजाराला ते पहिला रोल घेऊन आले. मी तो अंधारखोलीत धुतला. आठही फोटो तव्यासारखे काळेभोर. बाहेर येऊन मी विचारलं, दौलतभाऊ, मधे कुठे मागचं झाकण उघडलं का? ते म्हणाले, उघडलं ना. पहिला फोटो काढल्यावर लगेच उघडलं, दुसऱ्यानंतरही उघडलं.

"एक फोडून पाह्यल्याबिगर कसं समजन जी, गोड हाय का आंबट?"

आमच्या भागात संत्र्याच्या बागेचा सौदा असाच होतो. व्यापारी आधी एक फळ तोडतो, सोलतो, फोड तोंडात टाकतो आणि मग बोलतो. न फोडता घेणारा मूर्ख. दौलतभाऊंनी त्याच शहाणपणाने कॅमेरा सोलून पाहिला होता, आणि आत शिरलेल्या उजेडाने आठही फोडी खाल्ल्या होत्या. मी हसू आवरायला अंधारखोलीत गेलो, तिथे जास्तच हसलो. बाहेर आलो तर तेही हसत होते. मग हसणं थांबवून ते खाली पाहत म्हणाले, "माहा बाप गेला तवा मी पाच वर्साचा होतो. त्याचं तोंड मले आठवत नाई, लय जोर लावला तरी. माय थकून राहिली भाऊ. तिचं तरी राह्यलं पाह्यजे."

तिथेच मी घडीचा कॅमेरा परत घेऊन पेटी द्यायला हवी होती. पण एकदा विकलेली वस्तू चुकीची होती असं म्हणायला जीभ उचलेना. मी त्यांना फूट, उजेड आणि वेग यांवर तासभर व्याख्यान दिलं. ते बिचारे एकचित्ताने ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, एका कासऱ्यात किती फूट? कासरा म्हणजे बैलाची दोरी. मी म्हटलं, दोरी केवढी आहे त्यावर. ते म्हणाले, आमची तुटली आहे.

दुसऱ्या रोलवर म्हैस फार सुरेख आली. इतकी की तिच्या पाठीवरच्या कावळ्याची चोचही दिसत होती. म्हशीच्या मागे एक पांढरट धुकं होतं आणि त्याला दोन पाय होते. दौलतभाऊंनी त्या धुक्यावर बोट ठेवलं. "हे माय हाय," ते म्हणाले. बाकी सात फोटोंत धुकं वेगवेगळ्या दिशांनी पळत होतं.

या वेळी मला हसू आलं नाही. दोन दिवसांनी मी दुकान बंद केलं, पेटीचा कॅमेरा आणि किमतीतल्या फरकाचे रोल पिशवीत घातले, आणि सायकल काढून त्यांच्या गावी गेलो. दुपार कलत होती. अंगणात तणस पसरून त्यावर सगुणामाय संत्री निवडत बसली होती, मोठी एका ढिगात, लहान दुसऱ्यात. माझ्या हातातली पिशवी पाहताच तिने पदर तोंडावर ओढला आणि ढीग तसाच टाकून दारामागे गेली.

मी दौलतभाऊंना म्हटलं, चूक माझी झाली, तो कॅमेरा तुमच्या कामाचा नव्हता. हे वाक्य म्हणायला मला सायकलवर तीन कोस सराव करावा लागला होता. त्यांनी रागावण्याऐवजी मला पाणी दिलं. मग मी अंगणात उभा राहून मोठ्याने पेटी समजावून सांगितली. ऊन पाठीवर घ्या, दौलतभाऊ. चार पावलं मोजा. पोटाशी धरा, श्वास धरा, खटका दाबा. मग मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत ही चावी फिरवा. आणि काही झालं तरी फोडून पाहू नका.

दारामागून आवाज आला, "एवढंच हाय? मंग दे इकडं."

सगुणामाय बाहेर आली ती सरळ पेटीवर. मी चकित होऊन पाहत राहिलो. पेटीच्या पुढे बसायला तिची ना होती, मागे उभं राहायला नव्हती, आणि हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. तिने पेटी पोटाशी धरली, सूर्य कुठे आहे ते मान वळवून पाहिलं आणि लेकाला फर्मान सोडलं, "टोपी सरकी कर. गुंडी लाव. दात काऊन काढून राहिला, लगीन हाय का तुह्यं?" खटका वाजला. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता नाचते. लगेच तिने पेटी उलटी करून मागच्या झाकणाला नख लावलं. दौलतभाऊंनी झेप घेऊन दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. फोडून पाहायचं वळण त्यांच्याकडे कुठून आलं ते मला तेव्हा समजलं.

मग तिला आवरणं कठीण झालं. बैल झाले. सून झाली, तीन वेळा पदर सारखा करून. संत्र्यांचे दोन्ही ढीग झाले, मोठ्यांचा आधी. शेजारची भांडखोर म्हातारी झाली, तिला मुद्दाम बोलावून आणली. मीही झालो, सायकलीसह. लाल खिडकीत आठाचा आकडा आला तेव्हा ऊन अगदी खाली उतरलं होतं. दौलतभाऊ काकुळतीला आले. "येक राहू दे माय. येक तुहा काढू दे." ती म्हणाली, "मी जिती हाय अजून. तू उभा राह्य तिकडं." आणि आठवाही तिने त्यांचाच काढला.

पुढच्या बाजाराला मायलेक दोघंही दुकानात आले. माय माझ्या मोठ्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली, कापडाने झाकलेला होता तरी. मी सात फोटो तिच्या हातात दिले. काय फोटो होते ते! बैल खरोखर चालून येतील असे, आणि भांडखोर म्हातारी हसत होती, जे गावात कोणी पाहिलं नव्हतं. मी मनापासून स्तुती केली. आणि मग, माझ्यातला जाणकार गप्प बसेना म्हणून, तिला म्हणालो की आठवा मात्र बिघडला. ऊन खाली होतं, तुमची सावली फोटोत आली. सावली आली की फोटो वाया गेला समजायचं, अशा वेळी जरा बाजूला सरकायचं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली.

दौलतभाऊ म्हणाले, बिघडलेला तरी दाखवा.

मी टोपलीतून काढून दिला. फोटोत ते अंगणात उभे होते, डोळे बारीक केलेले, हात पाडलेले. आणि फोटोच्या खालच्या कडेपासून त्यांच्या पावलांपर्यंत एक लांब सावली पसरलेली. डोक्यावरून घेतलेला पदर, त्याची कानाजवळची टोकदार घडी, बाहेर काढलेले दोन कोपर, मधे पेटी, आणि डावीकडे जराशी कललेली मान. दौलतभाऊंनी फोटो दाराच्या उजेडात नेला. मग त्यांनी सावलीवर बोट ठेवलं आणि ते हळूच म्हणाले, "हे माय हाय." या वेळी ते मला सांगत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसतही होते. मीही त्यातलाच झालो होतो.

मायने फोटो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. आधी विचारलं, "कोन बुढी हे?" मग ओळख पटली तशी खूश होऊन म्हणाली, "बरं हाय. याले हार नाई घालता येत. हार घालाले जान तं दौलत मधात येते."

त्यानंतर ती दहा-अकरा वर्षं जगली. दर महिन्या-दोन महिन्यांनी तिचा एक रोल माझ्याकडे धुवायला यायचा आणि त्या दिवशी मी दुसरं काम हातात घेत नसे. तिने अख्खं गाव काढलं. लोधीखेड्याच्या सोयऱ्यांना रांगेत उभं करून रागावून रागावून काढलं. लोक घाबरत नव्हते, कारण ती सगळ्यांना सांगायची की माझ्या पेटीत गेलेला एकही माणूस मेला नाही. तिच्या एकाही फोटोत पुन्हा सावली आली नाही. मी शिकवलं होतं ना. पस्तीस वर्षांत मी इतकं काही लोकांना शिकवलं, त्यातलं हे एक परत घेता आलं असतं तर मी बाकी सगळं सोडून दिलं असतं.

ती गेली तेव्हा तेराव्याच्या आधी दौलतभाऊ तो फोटो घेऊन दुकानात आले. भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. मी म्हटलं, दौलतभाऊ, वरचा भाग कापून काढतो, तुम्ही त्यात राहणार नाही. नुसती माय राहील, हारही घालता येईल. मी कात्री घेतलीसुद्धा होती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि चार बोटं धरली, अगदी त्या दिवशी काळ्या कापडाखाली धरली होती तशी.

"नोको जी," ते म्हणाले. "थ्यात ते मले पाहून राहिली हाय. मले कापलं, तं ते कोनाले पाहीन?"